हातकताईच्या लोकरीचं विणकाम: सुयांवरून उतरल्यानंतर काय करायचं

हातानं कातलेल्या आणि हातानं रंगवलेल्या लोकरीची शाल सुयांवरून उतरते तेव्हा बहुधा निराशाच करते. जाळीची भोकं मिटलेली, काठ आत वळलेले, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा लांब, आणि सगळ्याला मेंढीचा मंद वास. गिरणीच्या धाग्याचं इतकं होत नाही, कारण तो धुऊन, वाफवून, पीळ बसवूनच बाजारात येतो. हातकताईच्या धाग्याचं ते काम आपल्यासाठी शिल्लक राहिलेलं असतं. त्यामुळे या लोकरीचं पहिलं धुणं मी विणकामातच मोजते.

माझा क्रम असा: धागा ओळखायचा, रंग तपासायचा, टोकं ओवायची, धुवायचं, ताणून वाळवायचं आणि शिवण-बटणं सगळ्यात शेवटी. स्वेटरचे भाग आधी शिवून मग धुणारेही पुष्कळ आहेत. गिरणीच्या धाग्यात ते चालून जातं. हातकताईत पुढचा आणि मागचा भाग पाण्यातून वेगवेगळ्या मापाचे निघू शकतात, आणि शिवण घातलेली असेल तर ती चूण बनून दिसते.

धागा कशाचा, कसा कातलेला

आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारे बरेचसे गोळे अ‍ॅक्रिलिकचे असतात. घरची हातकताई आणि दुकानातला गोळा एकाच स्वेटरात आले असतील, किंवा धागा कुणी भेट दिलेला असेल, तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर नेली की ती विझते आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर वाफेची इस्त्री त्या कपड्याजवळ नेऊ नका; वाफेनं लुळं पडलेलं अ‍ॅक्रिलिक पुन्हा सावरत नाही.

लोकर खरी निघाली तर ती कोणत्या मेंढीची, हेही पाहायला हवं. मेरिनो मऊ असते, पण जरा चोळली की आटते. कुमाऊं-हिमाचलकडून येणाऱ्या हातकताईच्या लड्या सहसा मधल्या पोताच्या. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ, बहुधा काळी; धनगरांच्या घोंगड्या तिच्याच. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. तसा खळ दिलेला धागा घेऊन विणलं असेल, तर पहिल्या पाण्यात खळ निघून जाते आणि कडक वाटणारी वीण एकदम सैल पडते. खरं माप त्यानंतर कळतं. भरड लोकर कितीही उपचार केले तरी गळ्याभोवती टोचायची थांबत नाही. तिची पिशवी करावी, आसन करावं. मफलर करू नये.

आता पीळ. उरलेल्या धाग्याचा हातभर तुकडा दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि मधला भाग लोंबता सोडा. तो शांत लटकला तर पीळ जमलेला आहे. स्वतःभोवती गरागरा फिरून गुंडाळला गेला, तर धाग्यात पिळाचा जोर शिल्लक आहे. असा एकपदरी धागा एका बाजूनं सुलट आणि दुसऱ्या बाजूनं उलट विणला की कापड तिरकं होतं: विणायला घेतला चौकोन आणि हाती आला पतंगासारखा कललेला तुकडा. ताणून वाळवल्यावर तो सरळ दिसेल, पण पुढच्या धुण्यात परत कलेल. विणून झाल्यावर यावर पक्का उपाय नाही. स्वेटरला बाजूच्या शिवणी थोडं आवरून धरतात. शालीत तो कल स्वीकारून काठ त्याच तिरप्या रेषेत ताणलेले बरे दिसतात. पुढच्या वेळी धागा दुपदरी करून घ्या, किंवा सगळ्या ओळी सुलट विणा. त्या विणीत दोन्ही बाजूंचा ओढा सारखा राहतो.

रंग: पाण्याआधी तपासा

पांढऱ्या मलमलीचा ओला तुकडा प्रत्येक रंगावर दहा मिनिटं दाबून ठेवा. मग दुसरा, कोरडा तुकडा त्याच जागी दहा-बारा वेळा घासा. या दोन चाचण्या वेगवेगळ्या दोषांसाठी आहेत. पहिल्यात डाग पडला तर रंग पाण्यात सुटतो आहे. फक्त दुसऱ्यात पडला तर रंग घासून लागतो आहे.

आम्लरंगांनी, म्हणजे लोकर-रेशमासाठी पुडीत मिळणाऱ्या रंगांनी रंगवलेली लोकर पाण्यात सुटत असेल, तर रंगवताना उष्णता कमी पडली, आम्ल कमी पडलं किंवा जास्तीचा रंग नीट खळबळून काढला नाही. थंड पाण्यात व्हिनेगर किंवा मीठ टाकून रंग 'पक्का' करायचा सल्ला घरोघरी मिळतो. त्यानं काही होत नाही. हे रंग लोकरीच्या तंतूत शिरायला उष्णताच लागते, आणि मीठ उपयोगी पडतं ते कापसाच्या काही रंगांना. वस्तू एकाच रंगाची असेल तर खरा उपाय करता येतो. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात वस्तू पूर्ण बुडून मोकळी राहील इतकं कोमट पाणी घ्या. स्वयंपाकाचं पातेलं वापरू नका; रंगाचं भांडं कायम वेगळं ठेवावं. दर लिटरला साधारण दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला, भिजलेली वस्तू सोडा आणि मंद आचेवर पाणी ८५ अंशांपर्यंत न्या. उकळी येऊ देऊ नका. अर्धा तास ठेवून गॅस बंद करा आणि वस्तू त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. या सगळ्या वेळात ढवळायचं नाही; लोकर आटते ती मुख्यतः हालचालीनं. हाच प्रयोग लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या स्वेटरवर केलात तर लाल सुटून पांढऱ्यात पक्का बसेल. बहुरंगी वस्तू भरपूर गार पाण्यात झटपट धुवा, भिजत ठेवू नका आणि ओली असताना घडी घालून तर मुळीच ठेवू नका.

नैसर्गिक रंगांची तऱ्हा वेगळी. तुरटी लावून मंजिष्ठेत रंगवलेली लोकर पाण्यात सहसा टिकते. लाखेचा लाल मात्र पाण्याप्रमाणे स्वभाव बदलतो: आम्ल पडलं तर नारिंगीकडे झुकतो, क्षार पडला तर जांभळटपणाकडे. हळदीचं तर आपल्याला सांगायला नको. हळदीत चुना मिसळून कुंकू होतं, तसंच कपड्याच्या साबणातला क्षार लागला की हळदीची पिवळी शाल लालसर पडते. लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यातून काढली की ती परत पिवळी होते, पण उन्हात विटायचं हळद काही थांबवत नाही, तुरटी कितीही लावा. वर्षानुवर्षं वापरायच्या शालीसाठी मी हळद वापरत नाही. डाळिंबाच्या सालीचा पिवळा जास्त भरवशाचा. त्यावर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, देऊन गडद, शेवाळी रंग काढला असेल तर एक लक्षात घ्या: लोहानं लोकर ठिसूळ होते, त्यामुळे असा भाग ताणताना हात हलका ठेवायचा.

निळीचा प्रश्न घासून लागण्याचा असतो. नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचे कण तंतूवर बसतात आणि वरचे सैल कण पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरला लागतात. गरम करून किंवा व्हिनेगरनं हे थांबत नाही. सौम्य साबणात दोन-तीनदा हलकं धुतलं की सैल कण निघून जातात. थोडं लागणं राहतंच, आणि ज्याला ती शाल देणार त्याला ते आधी सांगून टाकावं.

टोकं ओवणं

याला दाभण नको. त्याचं धारदार टोक हातकताईचा धागा मधोमध चिरतं. बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घ्या.

टोक निदान चार बोटं लांब हवं. उलट बाजूनं, टाक्यांच्या मार्गानंच सुई नेत पाच-सहा टाके पुढे जा, मग दिशा बदलून तीन-चार टाके मागे या. जाळीच्या विणीत भरीव भाग शोधून तिथेच लपवा. भोकाच्या कडेनं नेलेलं टोक ताणल्यावर उघडं पडतं. टोक आत्ता कापायचं नाही. धुऊन, ताणून, वाळल्यावर धागा आपली जागा घेतो, काही टोकं आत ओढली जातात. मग बाहेर राहिलेलं शेपूट छाटावं.

एकपदरी धागा सुईतून पुन्हा पुन्हा ओढला की त्याचा पीळ उलगडतो आणि तो हातात तुटतो. दर दोन-तीन टाक्यांनी सुई बोटांत फिरवून, धागा ज्या दिशेनं कातला आहे त्याच दिशेनं, पीळ परत भरा. विणताना जोड ओल्या तळहातांवर चोळून दिले असतील तर ओवायला टोकंच उरत नाहीत. खऱ्या, न प्रक्रिया केलेल्या लोकरीचा हा मोठा फायदा.

याच वेळी तुकडा खिडकीसमोर उजेडात धरा. हातकताईत कुठेतरी धागा केसासारखा बारीक झालेला असतोच. अशा जागी मागून त्याच टाक्यांवर दुसरा धागा चढवून घ्या. कोपर आणि टाच या जागी तर बारीक धागा दिसला नाही तरी हे करावं.

धुणं

कताई करताना मेंढीचं नैसर्गिक तेल धाग्यात राहू दिलं असेल, तर वस्तू चिकट आणि जड लागते. ते तेल कोमट पाण्यात निघत नाही. ५५ ते ६० अंशांचं पाणी, त्यात सौम्य द्रव साबण, आणि वस्तू वरून अलगद सोडून वीस मिनिटं स्पर्श न करता ठेवणं, असं करावं लागतं. पाणी निवण्याआधी वस्तू बाहेर काढा, नाहीतर सुटलेलं तेल परत धाग्यावर बसतं. पुढचं पाणीही तितक्याच तापमानाचं घ्या. इतक्या गरम पाण्यात लोकर आटणार नाही का, ही भीती रास्त आहे. पण उष्णता, साबण आणि चोळणं असे तिन्ही एकत्र आले की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात. चोळणं काढून टाकलं की धोका खूप कमी होतो. मात्र रंग कच्चा असेल तर हे गरम धुणं रंगवण्याआधी, लडीतच उरकायला हवं होतं. त्या वस्तूला आता थोडा चिकटपणा चालवून घ्या.

धागा आधीच स्वच्छ असेल तर काम सोपं. ३० ते ३५ अंशांचं पाणी, मनगटाला गार-गरम काहीच न वाटणारं. लोकरीसाठीचा द्रव साबण किंवा रिठ्याचं गाळलेलं पाणी. रिठा लोकरीला उत्तम, फक्त पांढऱ्या शुभ्र लोकरीवर त्याची किंचित बदामी छटा येऊ शकते. कपडे धुण्याची पावडर नको: ती क्षारयुक्त असते, आणि काहींमधली प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स लोकरीचंच प्रथिन कुरतडतात. वस्तू दाबून पाण्याखाली न्या, हवेचे बुडबुडे निघू द्या आणि अर्धा तास सोडून द्या. लोकर वरून भिजलेली दिसते तेव्हा आतून कोरडी असते, म्हणून हा वेळ.

बोअरवेलच्या जड पाण्यात वडीचा साबण वापरला तर पांढरा थर उरतो आणि लोकर खरखरीत लागते. शेवटच्या पाण्यात पाच लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घातलं की फरक पडतो. लाखेचा रंग असेल तर आधी उरलेल्या धाग्यावर करून बघा. भरड लोकरीला शेवटच्या पाण्यात केसांचं कंडिशनर चमचाभर चालतं. लोकर आणि केस एकाच जातीच्या प्रथिनाचे.

आता सगळ्यात नाजूक क्षण. ओली लोकर कमकुवत आणि जड असते. खांद्याला धरून स्वेटर उचललात तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतील. दोन्ही तळहात खाली घालून गोळा उचला, चाळणीत निथळू द्या, मग जाड टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुंडाळीवर पाय देऊन उभे राहा. पिळायचं नाही. वॉशिंग मशीनचा फक्त पाणी काढायचा फेरा, जाळीच्या पिशवीत घालून मिनिटभर चालवला तर चालतो.

ताणून वाळवणं

पाणी लागलं की लोकरीच्या तंतूंमधले काही कच्चे बंध सुटतात आणि वाळताना ते नव्या आकारात परत जुळतात. ताणून वाळवल्यानं आकार टिकतो तो यामुळे, आणि पुढच्या धुण्यात तो जातो तोही यामुळेच. म्हणजे ही एकदाच करायची गोष्ट नाही. ज्याला वस्तू देणार त्यालाही हे शिकवावं लागतं.

जागा: मुलांच्या फोमच्या जोडचटया सर्वात सोयीच्या, टाचण्या त्यात घट्ट बसतात. त्या नसतील तर गादीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनी चादर. चौकटीची चादर असेल तर उत्तम, रेषा सरळ धरायला वेगळी पट्टी लागत नाही. टाचण्या स्टेनलेसच घ्या. साधी टाचणी रात्रभर ओल्या लोकरीत राहिली की गंजाचा डाग पडतो, आणि नैसर्गिक रंगावर तर लोहामुळे काळा ठिपका उमटतो.

किती ताणायचं हे विणीवर आहे. जाळीची शाल सपाट, भोकं पूर्ण उघडेपर्यंत ताणा; सुयांवरून उतरलेल्या मापापेक्षा चौथाई-तिहाई मोठी झाली तर बिचकू नका. सुलट-उलट साधी वीण फक्त मापाला आणून हातानं सपाट करा. एक सुलट एक उलट बॉर्डर आणि वेणीची नक्षी यांना मुळीच ताणायचं नाही, उलट बोटांनी जवळ ढकलायचं. ताणलेली बॉर्डर मनगटावर धरत नाही.

सरळ काठासाठी टाचण्यांच्या रांगेपेक्षा तार बरी. परदेशी संच महाग पडतात. वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात स्टेनलेसच्या टिग वेल्डिंग सळया मिळतात, १.६ मिलिमीटर जाडीच्या, साधारण मीटरभर लांब. टोकं पॉलिशपेपरनं गुळगुळीत करा, सळई कापडानं पुसा आणि काठाच्या एकाआड एक टाक्यातून ओवा. मग मोजक्या टाचण्यांत अख्खा काठ सरळ राहतो. टोकदार, करवती काठाच्या शालीला दुसरी पद्धत आहे. स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवर जाळीच्या शाली लाकडी चौकटीवर ताणतात, काठाच्या प्रत्येक टोकातून दोरा ओवून तो चौकटीला बांधतात. घरी प्रत्येक टोकातून मऊ सुती दोरा ओवून घ्या, तो ओढला की टोकं सारख्या अंतरावर येतात, आणि टाचण्या दोऱ्याला लावा, लोकरीला नको.

आधी मधली रेषा लावा, मग कोपरे, मग काठ. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे गेलात तर शाल हमखास वाकडी होते. कोरड्या हवेत पातळ शाल एका रात्रीत वाळते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दोन दिवस धरा आणि पंखा सुरू ठेवा. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात ठेवूनही हाताला कोरडी लागते, म्हणून 'वाळली' वाटल्यावर आणखी अर्धा दिवस जाऊ द्या. घाईनं टाचण्या काढल्या की तासाभरात काठ परत गोळा होतात. जाड स्वेटर नवारीच्या किंवा सुतळीच्या खाटेवर पसरला तर खालूनही हवा लागते. ऊन नको, निळीच्या आणि झाडपाल्याच्या रंगांना तर नकोच.

शिवण आणि बटणं

आता भाग मोजा, एकमेकांवर ठेवून बघा. अर्ध्या इंचाचा फरक असेल तर लांब भाग पुन्हा ओला करून तेवढ्यापुरता आवरता येतो. शिवायला विणीचाच एकपदरी धागा वापरू नका, घर्षणानं तो मध्येच सुटतो. त्याच रंगाचा दुपदरी धागा, लोकरीचाच, दोन हातांहून जास्त लांब नाही. लोकरीचाच का, तर पुढे कधी रंग विटला आणि अख्खा स्वेटर परत रंगवायचा ठरला, तर सुती किंवा पॉलिएस्टरचा दोरा आम्लरंग घेत नाही आणि शिवणी पांढऱ्या रेघांसारख्या उठून दिसतात.

दोन्ही भाग सुलट बाजू वर ठेवून शेजारी लावा आणि काठाच्या आतल्या टाक्यामधली आडवी दोरी एकदा इकडची, एकदा तिकडची उचलत जा. दर दोन इंचांनी धागा ओढून शिवण मिटवा, मग कापड हलकं ताणून सैल करा. खांद्याची शिवण घट्ट चालते, बाहीची नाही.

बटणं करवंटीची किंवा लाकडाची, वजनाला हलकी. धातूचं जड बटण हातकताईच्या विणीला ओढून भोक पाडतं. मागून छोटं चपटं बटण जोडून दोन्ही एकत्र शिवलं की ताण विणीवर येत नाही.

ठेवताना

उरलेल्या धाग्याची छोटी लडी वस्तूबरोबरच धुवा आणि वाळवा. तीन वर्षांनी कोपर फाटेल तेव्हा रंग जुळायला हवा. लडीला चिठ्ठी बांधा: लोकर कोणती, रंग कशाचा, वाळल्यावरचं माप किती.

कसर लागते ती पतंगाच्या अळीमुळे, आणि घामाचे, अन्नाचे डाग तिला ओढून घेतात. म्हणून न धुतलेली शाल कपाटात जाऊ देऊ नका. कडुनिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर वर्षभर घडी न उघडता राहू नका; दर दोन-तीन महिन्यांनी झटकून, उलट घडी घालून परत ठेवा. कसर दिसलीच तर वस्तू हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या टोपड्या-झबल्यांत कधीही घालू नयेत. त्यातल्या नॅफ्थलीनच्या वाफेनं काही बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळाची लोकर धुऊन, कोरडी करून, सुती कापडात बांधून ठेवली की पुरे.